असले विषय चर्चच्या हॉलमध्ये नकोत?

मा. संपादक,


आपल्या ख्रिस्ती वाचकांच्या पानावर सहसा सणवार, शाळा, दफनभूमीची जागा, गायनवृंद असे विषय येतात. आजचा माझा विषय जरा वेगळा आहे. तो या पानावर नको होता असं काहींना वाटेल, याची मला कल्पना आहे. म्हणूनच लिहायला बसले.

आपल्या भागातल्या एका पॅरिशमध्ये गेल्या उपवासकाळात महिला मंडळाच्या बायकांनी एक बेत केला होता. एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंना बोलवायचं, रविवारच्या मिस्सेनंतर हॉलमध्ये तासभर बसायचं, बायकांनी प्रश्न विचारायचे. विषय होता बाळंतपणानंतर किंवा गर्भपिशवी काढल्यानंतर काही बायकांची लघवी रात्रंदिवस गळत राहते तो, आणि त्यावर होणाऱ्या शस्त्रक्रियेचा. सूचना फलकावर लागली आणि दोन दिवसांत उतरलीही. "असले विषय चर्चच्या हॉलमध्ये नकोत, तिथे पुरुषमाणसं असतात, पोरं असतात," असं कारण मिळालं. पॅरिशचं नाव मी घेत नाही. आपल्या बहुतेक ठिकाणी हेच घडलं असतं.

आधी दुखणं काय आहे ते सांगते, कारण पुष्कळांना ते ठाऊकच नसतं. डॉक्टर त्याला फिस्टुला म्हणतात. मराठीत भगंदर म्हटलं की लोकांना मूळव्याधीच्या जागचा आजार आठवतो. हा तो नव्हे. इथे मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधल्या पडद्याला भोक पडलेलं असतं. बाई अडते. कळा एक दिवस, दोन दिवस, कधी तीन दिवस चालतात, बाळाचं डोकं पुढे सरकत नाही. डोकं आणि आईचं हाड यांच्यामध्ये मूत्राशयाचा भाग चेपून राहतो. तिथलं रक्त थांबतं. रक्त थांबलं की मांस मरतं, आणि काही दिवसांनी ते गळून पडतं. मग तिथून लघवी झिरपायला लागते. बसली तरी, उठली तरी, झोपली तरी. अशा बाळंतपणात बहुतेक वेळा मूलही हाती लागत नाही. म्हणजे रिकामा पाळणा आणि ओलं लुगडं, दोन्ही एकदमच.

खोकताना, शिंकताना थोडी लघवी सुटते, ते वेगळं. माझ्या वयाच्या पुष्कळजणींना तो त्रास असतो, आणि त्यावरही व्यायाम आहेत, उपचार आहेत. फिस्टुला असलेल्या बाईला मात्र थांबवण्यासारखं काही हातातच नसतं. कपडा बदलून बदलून किती बदलणार? मांड्यांची कातडी सोलवटते. वास येतो म्हणून ती पाणी पिणं कमी करते, आणि तिथेच चुकतं. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, वास वाढतो, आग वाढते. असल्या बाईने पाणी भरपूर प्यावं, एवढी साधी गोष्टसुद्धा तिला कोणी सांगत नाही. कारण विचारायची सोय नाही.

आपल्याकडे म्हण आहे, अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर. आपण ती हसून म्हणतो. पण त्या हसण्याने काय होतं ते गडचिरोलीला दिसलं होतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शंभरात ९२ बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार असल्याचं तपासणीत निघालं. त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त ८ होत्या. त्या बायकांना दुखत नव्हतं असं नाही. त्यांना सांगायला जागा नव्हती.

खानापूर तालुक्यात जंगलाकडेच्या एका गावात मी शिकवत होते, तेव्हाची एक बाई सांगते. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. ही आई कधी शाळेत आत यायची नाही, दारात उभी राहून बोलायची. चर्चमध्येही ती बाहेर चिंचेखाली उभी राहून मिस्सा ऐकायची. पोरं तिला नाव ठेवायची. मोठी माणसं म्हणायची, कुणाचं तरी लागलंय. नवऱ्याने टाकली नव्हती, पण जेवणाचं ताट वेगळं होतं. शेवटी एका सिस्टरने तिला सरळ विचारलं, आणि मिरजेला नेलं. ऑपरेशन झालं. परत आली ती महिन्याभराने. नंतरच्या रविवारी ती आत येऊन बाकावर बसली, एवढंच. त्या गावात त्याआधी सात वर्षं तिच्यासाठी नोवेना झाल्या होत्या. मी नोवेनांना कमी लेखत नाही, मीही त्यांत होते. पण ज्या प्रार्थनेला पाय फुटून बसस्टँडपर्यंत जाता आलं, त्या प्रार्थनेने काम झालं.

ऑपरेशन काय असतं, हेही एकदा समजून घेऊ, म्हणजे भीती जाईल. आधी मूत्राशयात नळीने निळं औषध घालून बघतात. योनिमार्गातला कापूस निळा झाला की भोक आहे हे कळतं. ही तपासणी फार साधी आहे. मग जखमेच्या कडा नीट बऱ्या होईपर्यंत, पुष्कळदा तीन महिने, थांबतात. ऑपरेशन बहुधा खालूनच होतं, कधी पोट उघडावं लागतं. एकमेकांना चिकटलेले मूत्राशय आणि योनिमार्ग डॉक्टर वेगळे करतात आणि दोन्हीकडची भोकं, टाक्यांवर ताण येणार नाही अशी, वेगवेगळी शिवतात. नंतर परत निळं औषध घालून गळत नाही ना ते बघतात. दहा-चौदा दिवस लघवीची नळी ठेवतात, म्हणजे मूत्राशय रिकामं राहतं आणि टाके धरतात. पुढचे तीन महिने नवऱ्याने दूर राहायचं. पुढे मूल झालंच तर ते सिझेरियननेच. भोक लहान आणि साधं असेल तर दहातल्या आठ-नऊ बायका बऱ्या होतात. पण पहिल्या ऑपरेशनला यश येण्याची शक्यता सगळ्यांत जास्त असते, म्हणून ते या कामाची सवय असलेल्या डॉक्टरकडेच करावं. आणि एक महत्त्वाचं: गळणं नुकतंच सुरू झालं असेल आणि भोक लहान असेल, तर लगेच नळी घालून काही आठवडे ठेवल्याने काही बायकांचं भोक आपोआप भरून येतं. म्हणजे लाजेने काढलेला प्रत्येक आठवडा इथे महाग पडतो.

या शस्त्रक्रियेची सुरुवात मात्र दुःखाची आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरी इथे डॉ. मॅरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात ती बसवली, ती गुलाम बायकांवर. अनार्का, बेट्सी, ल्यूसी ही त्यांतली तीन नावं आपल्याला माहीत आहेत. भूल न देता ऑपरेशनं झाली. एकट्या अनार्कावर जवळजवळ तीस. तिला नाही म्हणायचा अधिकारच नव्हता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्स यांचा पुतळा २०१८ साली हलवला गेला, तो याच कारणाने. आज कुठल्याही गावातली बाई या ऑपरेशनने बरी होते तेव्हा त्या तिघींचं देणं तिच्या अंगावर असतं. त्यांना कोणी विचारलं नाही. निदान आपण आपल्या बायकांना विचारावं.

आता "असले विषय चर्चमध्ये नकोत" याबद्दल. हे वाक्य नवं नाही. आपल्या ख्रिस्तसभेत ते फार वरपर्यंत बोललं गेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोमच्या नियमांप्रमाणे व्रतस्थ सिस्टरांना बाळंतपणाच्या कामात हात घालायला मनाई होती. ते त्यांच्या व्रताला शोभत नाही, असं मानलं जाई. तेव्हा रावळपिंडीसारख्या गावात पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवत नसत आणि बाळंतपणात मरत. डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी ते पाहिलं आणि सिस्टरांना डॉक्टर होऊ द्या म्हणून रोमकडे परत परत अर्ज केला. त्या वारल्या तोवर परवानगी नव्हती. त्यांच्या पत्रांनी भारावलेली ऑस्ट्रियाची अ‍ॅना डेंगेल डॉक्टर झाली, १९२० मध्ये रावळपिंडीला आली, आणि १९२५ साली तिने मेडिकल मिशन सिस्टर्सची स्थापना केली. नियम आडवा येत होता म्हणून पहिली काही वर्षं त्या बायकांना जाहीर व्रतं घेता आली नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लौरी १९२० सालीच गुंटूरला आल्या. सिस्टर असून डॉक्टरकी करायला त्यांना खास परवानगी घ्यावी लागली. भारतातल्या कॅथलिक दवाखान्यांची संघटना १९४३ मध्ये उभी राहिली, ती त्यांच्याच खटपटीने. शेवटी ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने सूचना काढली, आणि सिस्टरांना बाळंतपणाचं काम खुलं झालं. शोभत नाही म्हणणाऱ्यांचं तोंड कोणी वाद घालून बंद केलं नाही. मरणाऱ्या बायका मोजल्या गेल्या, तेव्हा ते बंद झालं.

त्या परवानगीचं फळ काय, ते युगांडात बघा. १९३७ साली नायजेरियात स्थापन झालेल्या मेडिकल मिशनरीज ऑफ मेरी या संघाच्या आयरिश सिस्टर मॉरा लिंच शल्यचिकित्सक होत्या. मसाका गावच्या किटोव्हू रुग्णालयात त्यांनी फिस्टुलाची एक हजाराहून जास्त ऑपरेशनं केली. २०१७ साली त्या वारल्या. व्रतस्थ बाईच्या हातांना न शोभणारं म्हणून जे काम एकदा बाजूला ठेवलं होतं, तेच हे काम.

कॅथलिक नसलेल्या, पण आपल्याच प्रभूच्या नावाने राबलेल्या डॉ. कॅथरीन हॅम्लिन यांनाही विसरून चालणार नाही. त्या आणि त्यांचे पती डॉ. रेजिनाल्ड १९५९ साली इथिओपियात तीन वर्षांच्या करारावर गेले. १९७४ मध्ये त्यांनी अदिस अबाबाला फक्त फिस्टुलाच्या बायकांसाठी रुग्णालय काढलं. कॅथरीनबाई २०२० साली, वयाच्या ९६व्या वर्षी, त्याच गावात वारल्या. तोवर तिथे साठ हजारांवर बायकांवर उपचार झाले होते. मला शिक्षिका म्हणून सगळ्यांत मोठी वाटते ती मामितु गाशे. ती तिथे रुग्ण म्हणून आली, शाळेचं तोंड न पाहिलेली मुलगी. बरी झाल्यावर ती खाटा आवरायला लागली, मग ऑपरेशनमध्ये हाताखाली उभी राहू लागली, आणि पुढे स्वतः ऑपरेशनं करू लागली. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनाही तिने शिकवलं. जिला लोक वासामुळे जवळ करत नव्हते, तिच्या हातून पुढे कितीतरी बायका बऱ्या झाल्या.

"हे सगळं आफ्रिकेत, आपल्याकडे आता कुठे राहिलंय?" असंही विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ मध्ये देशात शंभरातली ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये ती ८९च्या जवळ गेली. अडलेल्या बाईला वेळेवर सिझेरियन मिळालं की फिस्टुला होत नाही. म्हणून आपल्याकडे जुन्या कारणाने होणारा फिस्टुला कमी झाला, हे खरं. पण उरलेल्या अकरांत कोण आहेत? पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की रस्ता तुटणाऱ्या आपल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांवर बाई अडली, तर १०८ची गाडी कुठवर येते, ते तिथल्या माणसांना विचारा. घरात निर्णय घ्यायला उशीर, वाटेत उशीर, दवाखान्यात हात लागायला उशीर. या तीन उशिरांतच ते भोक पडतं.

आणि आता कारणही बदललं आहे. गर्भपिशवी काढताना किंवा सिझेरियन करताना मूत्राशयाला इजा झाली, तरी हेच दुखणं होतं. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही होऊ शकतं, विशेषतः आधीची सिझेरियनं झालेली असली तर. म्हणून मी डॉक्टरांवर बोट ठेवत नाही. पण नको त्या वयात, नको तेव्हा पिशव्या काढल्या जातात, हे तर खरं ना? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली; ब्याऐंशी हजारांवर बायकांत तेरा हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. हेच लोक दर हंगामात आपल्या बेळगाव-कोल्हापूरच्या कारखान्यांच्या फडात येतात. आपल्या शेताच्या बांधावर त्यांच्या कोप्या असतात. त्या आपल्या पॅरिशच्या यादीत नाहीत, म्हणून आपल्या शेजारणी नाहीत का?

राहता राहिला शोभण्याचा प्रश्न. मार्कच्या शुभवर्तमानातली बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई आठवा. वैद्यांवर सगळा पैसा घालून बसलेली, धर्मशास्त्राप्रमाणे अशुद्ध, गर्दीतून मागून येऊन झग्याला हात लावणारी. ती बरी झाली तेव्हा प्रभूला गप्प राहता आलं असतं. तिचीही तीच इच्छा असणार. पण त्याने गर्दीत थांबून विचारलं, आणि तिला बोलतं केलं, आणि मुलगी म्हणून हाक मारली. सगळ्या लोकांनी तिला अशुद्ध म्हटलं होतं, म्हणून सगळ्या लोकांसमोरच तिला परत आणलं. आपण या प्रसंगावर प्रवचनं ऐकतो ती श्रद्धेवरची. तिचं दुखणं काय होतं, हे प्रवचनात पटकन उरकलं जातं.

एक गोष्ट मला मान्य आहे. लाज वाईट नाही. कुठल्या बाईला काय होतंय हे चारचौघांत बोलू नये, वेदीवरून कुणाचं नाव घेऊन प्रार्थना सांगू नये. पण लाज राखायची ती त्या बाईची, विषयाची नव्हे. विषय झाकून ठेवला की बाई उघडी पडते. आणि हॉलमध्ये पुरुष असतात म्हणता? असू देत की. बसभाड्याचे पैसे कोणाच्या खिशात असतात? तीन महिने कोणी दूर राहायचं असतं? वेगळं ताट कोण मांडायला लावतं? त्यांनीच तर आधी ऐकायला हवं.

म्हणून माझं मागणं थोडकं आहे. ११ फेब्रुवारीला आपण जागतिक रुग्ण दिन पाळतो, आजाऱ्यांना तैलाभ्यंग देतो. सिस्टरांना बाळंतपणाचं काम खुलं झालं तीही हीच तारीख. त्या आठवड्यात प्रत्येक पॅरिशने डॉक्टरबाई किंवा नर्सबाई बोलवून असा एक तास ठेवावा, जातधर्म न बघता सगळ्यांना बोलवावं. हॉलच्या बायकांच्या संडासात, दाराच्या आतल्या बाजूला, चार ओळींचा कागद लावावा: सतत लघवी गळते का, हे बरं होतं, अमक्या सिस्टरना भेटा. तिथे तो एकटीला वाचता येतो.

दुसरं, सोबत. ऑपरेशनला जाणाऱ्या बाईला दोन-तीन आठवडे घर सोडावं लागतं. तिची मुलं कोण बघणार, गुरं कोण बघणार, बुडालेल्या मजुरीचं काय? आयुष्मान कार्ड असलं तरी या गोष्टी कार्डात बसत नाहीत. वर्षातल्या एका रविवारची वर्गणी यासाठी बाजूला काढावी, आणि महिला मंडळाच्या दोघींनी तिच्याबरोबर जावं. एकीने तिच्याजवळ राहावं, एकीने तिच्या घरी.

तिसरं, आपल्या लेकीसुनांसाठी. पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय काढू नये. आणि बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाण्यासारखं गळायला लागलं तर ते "अंगावरून जातंय, होईल बरं" म्हणून सोडू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावं, निळ्या औषधाची तपासणी करा म्हणावं, नळी ठेवायची का ते विचारावं. लघवी नेहमीसारखी होते आणि शिवाय गळतेही, असं असलं तरी दाखवावं, कारण मूत्राशयाच्या वरच्या नळीला इजा झाली असेल तर तसं होतं.

फलकावरून उतरवलेली ती सूचना अजून कुणाच्या तरी टेबलाच्या खणात असेल. तारीख बदलून ती परत लावायला एक टाचणी पुरते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
खानापूर तालुका, जि. बेळगाव